चांगल्या दातांना सोनं

दर सोमवारी सकाळी शाळेच्या अंगणात दीडशे मुलं गाल फुगवून उभी राहतात आणि मी मोठ्यानं साठपर्यंत मोजते. आरोग्य केंद्रातून फ्लोराइडच्या पुड्या येतात. त्या मी बादलीत ढवळते आणि प्रत्येकाच्या कपात दोन चमचे पाणी ओतते. मिनिटभर तोंडात खळखळवायचं, गिळायचं नाही, थुंकायचं, आणि अर्धा तास काही खायचं नाही. आकडा चाळीसच्या पुढे गेला की कुणाला तरी हसू फुटतं, त्याच्या नाकातून पाणी येतं, मग शेजारच्यालाही राहवत नाही, आणि मी ओरडते. अकरा वर्षं ओरडते आहे. आमच्या चुइसाक गावच्या शाळेत दातांचा कार्यक्रम म्हणजे फेर्मिनाबाई, असं सगळे म्हणतात आणि ते मला आवडतं. उगाच नम्रपणा कशाला दाखवू?

त्या सोमवारी डॉक्टर इलेआना तपासणीला आल्या होत्या. वयानं माझ्या मुलीसारखी, राजधानीत शिकलेली, आमच्या डोंगरातल्या थंडीनं अजून तिचं नाक लाल होतं. पाचवीच्या एकेका मुलाला तिनं खिडकीशी उभं करून तोंडात आरसा घालून पाहिलं. शेवटी डेल्फिना ताशला पुन्हा बोलावलं.

"फेर्मिनाबाई, इकडे या. हे बघा. एकही कीड नाही. दाढासुद्धा स्वच्छ. आणि पुढचे दोन बघा ना! असे दात मी या जिल्ह्यात पाहिले नाहीत हो."

डेल्फिना अकरा वर्षांची. तोंड उघडंच, हनुवटीवरून लाळ गळते आहे आणि डोळे माझ्याकडे. माझा ऊर भरून आला. पहिलीपासून ही पोर माझ्यासमोर चुळा भरत आली होती. त्याच दिवशी मी तिच्या वहीत आईसाठी लिहिलं, 'जासिंताताई, तुमच्या मुलीचे दात शाळेत सगळ्यांत चांगले आहेत. पुढचे दोन तर बघत राहावेत असे. अभिनंदन.' खाली सही केली आणि शाळेचा शिक्काही मारला. शिक्क्याची काही गरज नव्हती.

मंगळवारी डेल्फिना वर्गात शिरली ती नाचतच.

"बाई, आई म्हणाली, एवढे चांगले दात आहेत तर त्यांना सोनं लावू! शनिवारी बाजारात जायचंय. जत्रेच्या आधी!"

सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "नक्षी कुठली गं?"

"चांदणी. बाईंच्यासारखी."

माझ्या हातातला खडू मोडला.

आमच्याकडे किडक्या दाताला कुणी सोनं लावत नाही. सोनं लागतं ते चांगल्या दाताला. दागिना काय खरजेवर घालतात का? लग्नाआधी, पहिल्या पगारात, जत्रेच्या तोंडावर माणसं तोतोनिकापानच्या बाजारात जातात. तिथले कारागीर चांगला दात कानशीनं घासून बारीक करतात आणि त्यावर सोन्याची चौकट बसवतात. चौकटीच्या मधे चांदणीच्या किंवा बदामाच्या आकाराची खिडकी ठेवतात. खिडकीतून पांढरा दात दिसतो, भोवती सोनं चमकतं. हसलं की कळतं, या घरात कुणीतरी वर आलं. म्हणजे मी जे चार कौतुकाचे शब्द लिहिले, ते जासिंताच्या लेखी काय होते? हे दात सोन्याच्या लायकीचे आहेत, असं मी तिला शिक्क्यानिशी लिहून दिलं होतं.

आणि माझा स्वतःचा दात. एकोणिसाव्या वर्षी, शिक्षिकेचा पहिला पगार हातात पडला तेव्हा आई मला रोसालिओमामाकडे घेऊन गेली. हा तिचा चुलतभाऊ, बाजारातला सगळ्यांत नावाजलेला कारागीर. सोनं बसल्यावर आईनं मला अख्ख्या बाजारातून फिरवलं आणि प्रत्येक दुकानापाशी कोपर मारून म्हणाली, "हस ना, हस!" आमच्या घराण्यात शाळा शिकलेली मी पहिली. तो दात म्हणजे माझी पदवीच होती. पंधरा वर्षं त्यानं काही त्रास दिला नाही. मग चौकटीच्या आतून दुखायला लागलं. आता सहा वर्षं झाली. चौकट हलते, मागून वास येतो, रात्री मी तिथं लवंग धरून झोपते. खिडकीतली चांदणी चहासारखी तपकिरी झाली आहे. वहीतल्या चुका झाकायचा तो पांढरा रंग असतो ना, बाटलीतला? दर सोमवारी सकाळी मी आरशासमोर उभी राहून तो चांदणीला लावते आणि मग मुलांना दातांचं महत्त्व सांगायला जाते. याची मला लाज वाटते. तेव्हाही वाटायची, पण तरी लावायची.

त्या दिवशी मला एका जागी बसवेना. शुद्धलेखनाला एकच वाक्य तीनदा सांगितलं. मुलांनी तीनदा लिहिलं. जीभ सारखी चौकटीकडे जायची, तिला ढकलायची, परत यायची, पुन्हा जायची. घरी येऊन धुतलेली भांडी पुन्हा धुतली. मनाशी म्हटलं, दुसऱ्याच्या पोरीचा दात, दुसऱ्याचा पैसा, मला काय करायचंय? तो दात दुसऱ्याच्या पोरीचा होता हे खरं, पण अकरा वर्षांत माझ्या हातून घडलेली एवढी एकच निर्दोष गोष्ट होती, आणि शनिवारी तिच्यावर कानस चालणार होती.

बुधवारी शाळा सुटल्यावर मी जासिंताकडे गेले. ती पडवीत विणत बसली होती. मागाचं एक टोक खांबाला, दुसरं तिच्या कंबरेला बांधलेलं.

"या बाई, या! मला उठता येत नाही बघा. व्हेंतुरा, बाईंना आतोल दे गं, गरम करून."

व्हेंतुरा तिची मोठी मुलगी, चौदा वर्षांची, माझीच जुनी विद्यार्थिनी. मक्याच्या पिठाचं ते दाट, गोड पेय घेऊन ती आली आणि माझ्याकडे बघून हसली. तिच्या पुढच्या दोन्ही दातांवर चांदण्या होत्या. दोन वर्षांपूर्वी सहावी पास झाल्याबद्दल बसवलेल्या.

"जासिंताताई, डेल्फिनाच्या दातांचं जरा थांबवता येणार नाही का?"

"थांबवू कशाला? जत्रा पुढच्या आठवड्यात. तिच्या बापाला फोटो पाठवायचाय. सहा वर्षं उत्तरेत, सरहद्दीपलीकडे कामाला आहे तो. फोनवर पोर दिसते हो, पण फोनवर दात कुठे दिसतात?"

"अजून लहान आहे ती. दात घासून बारीक करतात तेव्हा वरचं कवच जातं. एकदा गेलं की पुन्हा येत नाही."

"तुमचं गेलं का?" जासिंतानं धोटा आरपार सरकवला. "एवढी वर्षं झाली, अजून चकचकतोय की. आणि आम्हाला सांगता नको म्हणून! की आमच्या पोरींनी बाईंसारखं दिसूच नये?"

"तसं नाही हो."

"मग कसं? व्हेंतुराला बसवलं तेव्हा तुम्हीच म्हणालात ना, शोभतंय म्हणून? शाळेच्या फाटकात उभ्या राहून. त्या दिवशी घरी येऊन हिनं दहादा सांगितलं. बाई शोभतंय म्हणाल्या, बाई शोभतंय म्हणाल्या. कान किटले आमचे."

व्हेंतुरा लाजून आत पळाली.

म्हणाले होते. दुसरं काय म्हणणार होते, तोंडात स्वतःचं सोनं घेऊन? आताही चारच शब्द बोलायचे होते, 'माझा दात आतून सडलाय.' ते घशापर्यंत आले आणि मी त्यांच्यावर आतोलचा घोट घेतला. घोट कडकडीत होता. दातातून कळ थेट कानात गेली. मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, या कामात मी आता तरबेज आहे. उरलेलं पिऊन, छान झालंय म्हणून, मी उठले.

गुरुवारी आरोग्य केंद्र गाठलं.

"तुम्ही सांगा तिला," मी डॉक्टरला म्हणाले. "तुमचं ऐकेल."

"तीन वर्षं सांगतेय की. भिंतीवर हे एवढं मोठं चित्र लावलंय. बायका मान डोलावतात आणि शनिवारी बाजारात जातात." तिनं लाल नाक रुमालानं पुसलं. "माझ्या तोंडाकडे कोण बघतंय, फेर्मिनाबाई? त्या तुमच्या तोंडाकडे बघतात."

ती हातमोजे चढवायला लागली.

"बसा खुर्चीत. एकदा बघू तरी द्या मला."

"आज नको. घाईत आहे."

"तीन वर्षं तुम्ही घाईतच आहात."

मी निघाले. पोर आगाऊ आहे. खरं बोलते, म्हणून जास्तच आगाऊ वाटते.

शुक्रवारी चार पोरी चॉकलेटच्या वेष्टनाचा सोनेरी कागद दातांवर चिकटवून वर्गात आल्या. डेल्फिना त्यांना सांगत होती, ओठ कसा वर ओढायचा, म्हणजे चांदणी नीट दिसते. मी चौघींच्या तोंडातले कागद काढून घेतले, ओल्या तळहातावर धरले आणि ओरडायला तोंड उघडलं. आवाज फुटेना. मुलं थक्क झाली. मी कागद कचऱ्यात टाकले आणि सगळ्यांना अंगणात खेळायला सोडलं, गणिताच्या तासाला. खिडकीतून बघत राहिले. डेल्फिना हसत पळत होती, तोंडभर पांढरे दात. उद्या या वेळी ते असणार नव्हते.

शनिवारी पहाटेच उठले. जायचं नाही असं ठरवलं आणि पोलकं चढवलं. शाल घेतली आणि पुन्हा खुंटीला लावली. चूल पेटवली, कॉफी ठेवली, ती उतू गेली. शेवटी तशीच निघाले. गाडीत टोपल्या, कोंबड्या, फुलांचे भारे, पाय ठेवायला जागा नाही, आणि ड्रायव्हर दर वळणावर माणसं घेतोय. मी त्याला दोनदा शिव्या दिल्या. तो म्हणाला, "बाई, बाजार पळून जात नाही." मला त्याला गाडीतून ढकलून द्यावंसं वाटलं.

रोसालिओमामाचा गाळा मसाल्यांच्या ओळीमागे. न्हाव्याची जुनी खुर्ची, काचेच्या पेटीत मांडलेल्या चांदण्या, बदाम, चंद्रकोरी. मी धावत पोचले तेव्हा डेल्फिना खुर्चीत होती. गळ्याभोवती फडकं, तोंड उघडं. जासिंता एका बाजूला, व्हेंतुरा दुसऱ्या बाजूला, आणि आपली पाळी येण्याची वाट बघणारे पाचसहा लोक. मामाच्या हातात कानस होती. अजून दाताला लागली नव्हती.

"मामा, थांबा!"

म्हाताऱ्यानं वळून पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला. "अरे वा! लोकहो, ही बघा, ही माझी भाची. मास्तरीण आहे. एकवीस वर्षांपूर्वी मी बसवलेलं काम. फेर्मिना, हस बरं जरा! बघू दे सगळ्यांना."

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. जासिंता अभिमानानं, जशी काही मी तिचीच कुणी होते. डेल्फिना उघड्या तोंडानंच हसली.

बोलून काही होणार नाही हे मला तेव्हा कळलं. बोलण्याची वेळ बुधवारी होती, आणि मी ती गिळली होती. मी अंगठा आणि बोट तोंडात घातलं, चौकट पकडली आणि पिळली. पहिल्यांदा निसटली. दुसऱ्यांदा डोळ्यांपुढे अंधारी आली. तिसऱ्यांदा ती हातात आली, आणि तिच्याबरोबर रक्त आणि वास. जवळच्या दोघी बायका मागे सरकल्या. मलाच माझा वास सहन होईना.

मी खुर्चीपाशी गेले आणि डेल्फिनासमोर तोंड उघडलं. "बघ."

तिनं बघितलं. मान तिरकी करून, नीट, घाई न करता.

"काळं आहे, बाई."

"हो."

"दुखतं?"

"सहा वर्षं."

"वेड लागलं का तुला?" मामा खेकसला. "भर बाजारात माझी अब्रू काढतेस? नीट घासायचे होतेस दात! शाळेत तेच शिकवतेस ना?"

"घासत होते, मामा. दिवसातून तीनदा. तुमच्या चौकटीखाली ब्रश जात नाही."

जासिंतानं डेल्फिनाच्या गळ्यातलं फडकं ओढून काढलं आणि दंड धरून तिला खाली उतरवलं. दात वाचले होते. तोंडात रक्ताची चव होती, तरी मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर मला वाटलं, आता ही माझे हात धरेल. डोळ्यांत पाणी आणून म्हणेल, बाई, तुम्ही होतात म्हणून.

"सहा वर्षं?" जासिंता म्हणाली.

मी मान हलवली.

"व्हेंतुराला बसवून दोन वर्षं झाली." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "म्हणजे तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं. तोंडात हे असं घेऊन, फाटकात उभ्या राहून तुम्ही माझ्या पोरीला शोभतंय म्हणालात. आणि बुधवारी माझ्या पडवीत बसून आतोल प्यालात."

"हो."

व्हेंतुरानं शालीचं टोक तोंडावर धरलं होतं. मी तोंड उघडलं तेव्हापासून धरलं असावं, कुणाचं लक्ष नव्हतं. ती आईच्या बाजूनं पुढे आली आणि रिकाम्या खुर्चीत बसली.

"काका, माझंही सोनं काढा."

"ते असं निघत नाही, पोरी. तिचं हलत होतं म्हणून निघालं. तुझं कापावं लागेल. आणि खाली काय असेल ते मी सांगू शकत नाही हां."

"काढा."

मामानं जासिंताकडे पाहिलं. तिनं होकार दिला आणि तोंड दुसरीकडे वळवलं. माणसं हळूहळू पांगली. मी तोंडात रुमाल दाबून उभी होते. मामाचं सोनं कापायचं यंत्र कुरकुरलं तेव्हा मी व्हेंतुरापुढे हात केला. तिनं तो धरला नाही, खुर्चीचा दांडा धरला. तिच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती. किती वेळ गेला कोण जाणे. दोन चांदण्या पत्र्याच्या ताटलीत पडल्या. मामानं आरसा पुढे केला, तो तिनं परत ढकलला.

"आधी बाईंना बघू दे," ती म्हणाली. वरचा ओठ तिनं खाली ओढून धरला होता, त्यामुळे शब्द बोबडे येत होते. "बाई, तुम्ही बघा. आणि मला खरं सांगा."

मी वाकले. माझ्या तोंडाचा वास तिच्या नाकात जात असणार, पण तिनं मान वळवली नाही. डावा दात कानशीनं झिजून बारीक झालेला, खडबडीत, पण पांढरा होता. उजव्याच्या मुळाशी हिरडीलगत तपकिरी रेघ होती. मागच्या बाजूला मी नख लावलं तर ते जरासं रुतलं, आणि ती कळवळली. मी डॉक्टर नाही. अकरा वर्षं फक्त साठपर्यंत मोजत आले आहे. पण रुतलं की काय होतं, हे मला माहीत होतं.

शोभतंय म्हणणं किती सोपं होतं!

"डावा वाचेल," मी म्हणाले. "उजवा आतून किडलाय. वाचेल की नाही, मला माहीत नाही."

व्हेंतुरानं डोळे मिटले. मग उघडले आणि ती खुर्चीतून उतरली.

"डॉक्टर आज असतात?"

"दुपारपर्यंत."

"मग चला. आणि तिथं आधी तुम्ही बसायचं."

त्या आवाजात शाळेत मी मुलांशी बोलते, माझ्याशी कुणी बोलत नाही. मी शाल सावरली आणि तिच्यामागून निघाले. जासिंता डेल्फिनाचा हात धरून पुढे गेली होती. त्या दिवशी तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, आणि अजूनही पाहत नाही.